पाय झीरोवर हलकी ओएस हवी, फक्त मराठी लिहायला

पाऊणपान

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलाय, आधीच सांगते.

माझ्याकडे रास्पबेरी पाय झीरो डब्ल्यू आहे, म्हणजे एका छोट्या बोर्डवरचा अख्खा संगणक. पहिलाच, २०१७ साली आलेला. एक कोर, १ गिगाहर्ट्झ, ५१२ एमबी रॅम. भाच्याने रोबो करायला घेतला होता. रोबोचं चाक निखळलं, त्यापाठोपाठ भाच्याचा उत्साह निखळला आणि बोर्ड माझ्या खणात आला. मी मुद्रितशोधन करते. दिवसभर लॅपटॉपवर दुसऱ्यांचे ऱ्हस्व-दीर्घ निस्तरायचे आणि रात्री त्याच लॅपटॉपवर स्वतःचं काही लिहायला बसायचं, हे जमत नाही. मेल येते, बातमी दिसते, आणि पाऊण पानावर गाडी अडते ती अडतेच. (आयडी त्यावरूनच घेतलाय.) म्हणून या चिमुकल्या बोर्डचं फक्त लिहायचं मशीन करायचंय. चालू केलं, लिहिलं, बंद केलं. ब्राउझर नको. असला तर मी तो उघडेन, म्हणून मुद्दाम नको.

आधी नेहमीची रास्पबेरी पाय ओएस (ओएस म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम) डेस्कटॉपसकट टाकली. चालते, पण मेनूवर क्लिक करून मी पाणी पिऊन येते तेव्हा मेनू उघडत असतो. तेही सोसलं असतं. पण मला प्लग ओढायची सवय आहे, टेबललॅम्प बंद करावा तशी. दुसऱ्यांदा ओढला आणि तिसऱ्यांदा मशीन उठलंच नाही. फाइल सिस्टिम बिघडली म्हणे.

मग गेल्या रविवारी वेगळ्या कार्डवर रिस्क ओएस टाकून पाहिली. आणि काय सांगू! प्लग लावल्यापासून दहा-बारा सेकंदांत डेस्कटॉप. माउसचं मधलं बटण दाबलं की जिथे पॉइंटर तिथे मेनू. माझ्या माउसला मधलं बटण नाही, चाकच दाबावं लागतं, पण दोन तासांत सवय झाली. सेव्ह करायची तऱ्हा तर मला फारच आवडली. एक छोटी चौकट येते, तिच्यात फाइलचं चित्र असतं, ते उचलून उघड्या फोल्डरच्या खिडकीत नेऊन टाकायचं. कागद उचलून फाइलीत ठेवावा तसं. नुसतं ओके दाबलं तर तक्रार करते, की बाई, कुठे ठेवू ते दाखव. फाइलच्या नावात एक्स्टेन्शनच्या आधी टिंब असतं ना, तिथे तिरकी रेघ दिसते, कारण टिंब त्यांनी फोल्डर वेगळे करायला वापरून टाकलंय. तेही मला गोड वाटलं.

मग पेनड्राइव्हवरची माझी चाचणीची फाइल उघडली. चाचणीचं माझं वाक्य ठरलेलं आहे: ‘आचार्यांनी आचाऱ्यांना पत्र लिहिलं.’ त्यात रफार आहे, आडवा र आहे, जोडाक्षर आहे, दोन्ही वेलांट्या आहेत. कुठलाही फॉन्ट मी याच्यावरून पारखते. समोर काय आलं? डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, मग एक गोल काटेरी चिन्ह, मग आणखी काहीतरी. परत तोच ए. पुन्हा तोच ए. मधेमधे जपानी येनचं चिन्ह. ओळभर हेच.

तर प्रश्न असा: रिस्क ओएसमध्ये कुठेतरी एखादं सेटिंग आहे का, ज्याने मराठी दिसेल? नसेल तर हायकू, प्लॅन नाइन, अल्पाइन, नेटबीएसडी अशी नावं वाचली आहेत. यातलं या बोर्डवर चालेल, मराठी नीट दाखवेल आणि प्लग ओढला तरी रुसणार नाही असं काय आहे? टर्मिनलची भीती नाही, पण प्रेमही नाही.

---

तांब्याचीतार

पाऊणपान ताई, तुम्ही रिस्क ओएस लावून पाहिलीत हे वाचूनच बरं वाटलं. मी ती अधूनमधून गंमत म्हणून चालवतो. तिच्याबद्दल दोन शब्द जास्त बोललो तर समजून घ्या.

ती १९८७ ची आहे, एकॉर्न कंपनीच्या आर्किमिडीज संगणकावर आली तेव्हा तिचं नाव आर्थर होतं. एआरएमची पहिली चिपही एकॉर्नचीच, २६ एप्रिल १९८५ ला ती पहिल्यांदा चालली. तुमच्या झीरोमधला प्रोसेसर त्याच घराण्यातला. म्हणजे ओएस आपल्या घरीच आली आहे, उगाच नाही दहा सेकंदांत उठत. २०१८ पासून तिचा सोर्सही खुला आहे.

आता तो तिरक्या रेघेचा ए. त्यात बिघाड काही नाही. तुमची फाइल अगदी शाबूत आहे, फक्त वाचणारा चुकीच्या चष्म्याने वाचतोय. यूटीएफ-८ मध्ये (जगभरच्या लिप्या आकड्यांत साठवायची पद्धत) देवनागरीचं एक अक्षर तीन बाइटचं. ‘म’ घ्या, तो ई० ए४ एई असा साठवला जातो. देवनागरीतल्या झाडून सगळ्या चिन्हांचा पहिला बाइट ई० च. रिस्क ओएसचा एडिटर एक बाइट म्हणजे एक अक्षर असं लॅटिन-१ (युरोपी अक्षरांचा जुना तक्ता) च्या हिशेबाने वाचतो, त्यात ई० म्हणजे तो तिरक्या रेघेचा ए. म्हणून तो सारखा दिसतो. दुसरा बाइट दोनांपैकी एक असतो. स्वर, व्यंजनं, अनुस्वार, काना आणि पहिली वेलांटी असेल तर ए४, म्हणजे ते गोल काटेरी चिन्ह (कुठल्याही चलनासाठी असतं ते). दुसरी वेलांटी, उकार, मात्रा किंवा मोडलेला पाय असेल तर ए५, आणि ए५ म्हणजे येन. तुमच्या वाक्यात येन किती वेळा आला ते मोजा, चार भरतील. पुढे-पुढे मला अशा फाइलमध्ये जोडाक्षर कुठे आहे ते येन पाहून ओळखता यायला लागलं होतं. काय उपयोग त्याचा, पण येतं.

सेटिंगबद्दल: ‘अल्फाबेट’ नावाचं सेटिंग यूटीएफ-८ करता येतं. पण अक्षर ओळखणं वेगळं आणि अक्षर जुळवणं वेगळं. ‘लि’ हा साठवताना आधी ल, मग वेलांटी. दाखवताना वेलांटी आधी. ‘र्या’चा र साठवणीत पहिला आणि दिसायला शेवटी, डोक्यावर चढून. हे पुढे-मागे करायला, जोडाक्षराचं रूप फॉन्टमधून शोधून काढायला मधे एक कारागीर लागतो. लिनक्सवर बहुतेक ठिकाणी हे काम हार्फबझ नावाची लायब्ररी करते. रिस्क ओएसमध्ये तो कारागीरच नाही. तेव्हा मराठीपुरतं तिथलं दार बंद समजा.

हायकू ही मुख्यतः इंटेल-छापाच्या प्रोसेसरसाठी आहे, झीरोसाठी सोडून द्या.

प्लॅन नाइनची गंमत ऐका. यूटीएफ-८ जन्माला आलं तेच प्लॅन नाइनसाठी. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये रात्रीच्या जेवणाच्या टेबलावर, ताटाखालच्या कागदावर ते मांडलं आणि काही दिवसांत अख्खी ओएस त्यावर नेली. आज तुम्ही-आम्ही मराठी पाठवतो ते त्याच सोयीने. आणि त्याच प्लॅन नाइनमध्ये ‘पत्र’ नीट दिसत नाही! तिथे एक संकेत म्हणजे एक चित्र, डावीकडून उजवीकडे ओळीत उभं करायचं, की झालं. त आणि र एकमेकांच्या शेजारी पाय मोडून बसतात. पायवर ती चालते, झकास चालते, पण तुमच्या डोळ्यांना सोसणार नाही.

हलक्या ओएस हलक्या का असतात, तर त्यांनी काहीतरी घरी ठेवलेलं असतं. आपलं दुर्दैव असं की घरी ठेवायच्या यादीत आपली लिपी फार वर असते. खरं तर हार्फबझ काही जड नाही. जड असतं ते बाकीचं लटांबर.

---

रात्रपाळी

अल्पाइन लिनक्स टाका. मुद्द्याचं सांगतो.

उतरवताना ‘आर्म-एचएफ’ लिहिलेली इमेज घ्या. तुमचा झीरो एआरएमव्ही६ आहे, म्हणजे एआरएमची सहावी आवृत्ती. डेबियनमध्ये (ही दुसरी एक लिनक्स) आर्म-एचएफ म्हणजे व्ही७, अल्पाइनमध्ये आर्म-एचएफ म्हणजे व्ही६. नाव एक, अर्थ दोन. भल्याभल्यांनी यावर संध्याकाळ घालवली आहे. चुकीची घेतली तर बूटच होणार नाही किंवा ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून पडेल.

अल्पाइनची पायवरची नेहमीची पद्धत डिस्कलेस. कार्डवरून उठते, सगळं रॅममध्ये चढवते, मग कार्डला हात लावत नाही. प्लग खुशाल ओढा. जे बदल कायम ठेवायचे ते ‘एलबीयू कमिट’ केल्यावर एका दाबलेल्या फाइलमध्ये कार्डवर जातात.

लॉगिन रूट, पासवर्ड नाही. ‘सेटअप-अल्पाइन’ चालवा, प्रश्नांची उत्तरं द्या. पॅकेज उतरेनात तर आधी तारीख बघा. पायला बॅटरीवरचं घड्याळ नाही, तो स्वतःला जुन्या काळात समजतो आणि सर्व्हरचं प्रमाणपत्र त्याला भविष्यातलं वाटतं. तारीख हाताने घाला, पुढे जा.

मराठीसाठी एक्स (पडद्यावर खिडक्या दाखवणारा पाया), एक साधा विंडो मॅनेजर (जेडब्ल्यूएम पुरे), नोटोचा देवनागरी फॉन्ट, आणि माउसपॅड हा साधा एडिटर. माउसपॅड जीटीके या लायब्ररीवर आहे, त्यात अक्षरं मांडणारे पँगो आणि हार्फबझ आपोआप येतात. कीबोर्डसाठी वेगळा प्रोग्राम नको, एक्सच्या स्वतःच्या लेआउटमध्ये ‘इन’ म्हणजे इनस्क्रिप्ट आहे. दोन लेआउट ठेवा, एका कीने पालटा.

---

घरचाअभ्यास

मी जरा उलटं बोलतो. रात्रपाळींचा रस्ता चूक नाही, पण एवढी उस्तवार कशाला? रास्पबेरी पाय ओएसची लाइट आवृत्ती घ्या, डेस्कटॉप नसलेली. तिच्यावर हेच एक्स, हाच विंडो मॅनेजर, हाच माउसपॅड बसवा. मग रास्पी-कॉन्फिग या सेटिंगच्या मेनूत ओव्हरले फाइल सिस्टिम चालू करा. कार्ड फक्त वाचलं जातं, लिहिलं जातं ते रॅममध्ये. प्लग ओढायचा प्रश्न मिटला. ताईंना जड झालं ते डेबियन (पाय ओएस त्यावरच बेतलेली आहे) नाही, त्यावरचा डेस्कटॉप जड झालाय.

शिवाय अल्पाइनमध्ये बहुतेक लिनक्समधली जीलिबसी ही पायाभूत लायब्ररी नाही, तिच्याजागी मसल आहे. उद्या पायथनचं काही टाकायला गेलात आणि तयार पॅकेज नसलं तर झीरो ते स्वतः कंपाइल करत बसेल. मी एकदा रात्री सुरू करून झोपलो, सकाळी उठून बघतो तर मेमरी संपून पडलं होतं.

---

रात्रपाळी

त्यांना पायथन कशाला लागतंय? लिहायचंय त्यांना.

---

घरचाअभ्यास

आज नाही लागत. असले लोक मी पाहिलेत, तीन महिन्यांनी शब्द मोजायची स्क्रिप्ट मागतात.

---

पाऊणपान

घरचाअभ्यास, मी ‘असले लोक’ आहे हे मान्य. पण आता चार दिवस अल्पाइनशी झटापट झाली आहे, ती सांगते. तुमचा मार्ग अल्पाइनने दगा दिला तर.

तांब्याचीतार, येन मोजले. चार! नोकरी सोडून हेच करावं म्हणते.

पहिला दिवस. इमेज बरोबर घेतली, उठली. काळा पडदा, पांढरी अक्षरं, आणि इतकी शांतता की मला वाटलं काहीतरी राहिलंय. घड्याळाचा घोळ झालाच, पण आधी सांगितल्यामुळे पाच मिनिटांत सुटला. मराठीची फाइल काळ्या पडद्यावरच उघडली तर नुसत्या चौकटी. तिथून मी एक्सच्या मागे लागायला हवं होतं. पण थकले होते आणि लिहायची खाज होती, म्हणून म्हटलं आज चौकटीच चालतील, रोमनमध्ये टंकू, नंतर बदलू. साडेतीन पानं लिहिली. साडेतीन! महिन्याभरात एवढं झालं नव्हतं. नॅनो या टर्मिनलातल्या एडिटरमध्ये सेव्ह केलं. आणि शहाण्यासारखं एलबीयू कमिटसुद्धा केलं. त्याने गुपचूप काम केलं, काही तक्रार नाही. प्लग ओढला. मोठ्या ऐटीत ओढला.

सकाळी घरच्या फोल्डरमध्ये काही नाही. रिकामं. फोल्डरसुद्धा नवंकोरं.

रात्रपाळी, कमिट केल्यावर कायम राहतं असं तुम्ही म्हणाला होतात ना? वायफायचा पासवर्ड राहिलाय, मशीनचं नाव राहिलंय, कीबोर्डचं सेटिंग राहिलंय. फक्त माझं लिखाण गेलंय.

दुसरा दिवस रुसून. तिसऱ्या दिवशी एक्स बसवायला घेतला. पॅकेज उतरता उतरता मधेच ‘जागा शिल्लक नाही’. ३२ जीबीचं कार्ड आहे, त्यावर अल्पाइन चिमूटभर, आणि जागा नाही?

---

रात्रपाळी

चूक माझी. हात जोडून माफी.

एलबीयू मुळात फक्त ईटीसी फोल्डर जपतो, म्हणजे सेटिंग्ज. होम त्यात धरत नाही. ‘एलबीयू ॲड’ करून ते फोल्डर यादीत घालावं लागतं, मग कमिट. मी हे गेली कित्येक वर्षं राउटर आणि सेन्सरच्या डब्यांवर वापरतो, तिथे होममध्ये काही नसतंच, त्यामुळे सांगायचं डोक्यातच आलं नाही. साडेतीन पानांचं वाईट वाटलं.

जागेचं: डिस्कलेसमध्ये पॅकेज कार्डवर बसत नाहीत, रॅममध्ये उलगडतात. मूळ फोल्डर म्हणजे टीएमपीएफएस, रॅममधली तात्पुरती डिस्क, आणि त्याला रॅमच्या निम्मी जागा मिळते. ५१२ तून ग्राफिक्सचा वाटा वजा करा, उरलेल्याच्या निम्मे, म्हणजे सव्वादोनशे एमबीच्या आसपास. एक्स, मेसा, जीटीके, फॉन्ट, आणि त्यांच्यामागून येणारी वऱ्हाडी मंडळी त्यात मावत नाहीत. मावली असती तरी लिहायला रॅम उरली नसती. डिस्कलेस राउटरला छान. खिडक्या उघडायच्या असतील तर ५१२ वर नको.

‘सिस’ पद्धतीने बसवा, साध्या लिनक्ससारखं. कार्डचे तीन भाग करा. पहिला फॅट, बूटसाठी. दुसरा ईएक्सटी४, त्यावर सिस्टिम. तिसरा ईएक्सटी४, होमसाठी. सगळं बसवून, तपासून झालं की दुसरा भाग एफएसटॅबमध्ये (कुठला भाग कसा जोडायचा ती यादी) फक्त-वाचा करा. लॉग आणि टेंप टीएमपीएफएसवर. लिहिला जाणारा भाग एकच उरतो, होम. तिथेही सेव्ह केल्यावर ‘सिंक’ द्या (रॅममध्ये अडकलेलं कार्डवर उतरवणारी आज्ञा), मग प्लग ओढा. नवीन पॅकेज टाकायचं तेव्हा सिस्टिमचा भाग तेवढ्यापुरता लिहिता करायचा.

---

घरचाअभ्यास

टाळ्या पिटत नाही, पण बघा, शेवटी ताई त्याच ठिकाणी आल्या. फक्त-वाचा सिस्टिम आणि वेगळं होम. हे डेबियनवर दोन मेनूंत झालं असतं. (ओव्हरलेतही होम वेगळं काढावंच लागतं, नाहीतर तिथेही साडेतीन पानं गेली असती, हेही प्रामाणिकपणे सांगतो.)

आणि कार्ड ते कार्डच. फाइल सिस्टिम कितीही जपली तरी आतली फ्लॅश मोठमोठ्या तुकड्यांत पुसली जाते, नेमकी तेव्हा वीज गेली तर शेजारचं, तुम्ही हातही न लावलेलं काही जाऊ शकतं. होमची नक्कल दुसरीकडे जाऊ द्या. आर-सिंक (फाइलींची नक्कल करणारा प्रोग्राम) लावा, वायफाय आहेच.

---

नवखासात

मधेच विचारतो. मी पण असंच करतोय, पण एक्स न टाकता टर्मिनलमध्येच मराठी दिसली तर हलकं नाही का होणार? कन्सोलला देवनागरी फॉन्ट देता येतो ना?

---

तांब्याचीतार

देता येतो आणि दुःख होतं. लिनक्सच्या काळ्या कन्सोलला एका वेळी जास्तीत जास्त ५१२ चित्रं धरता येतात, तीही ठरावीक मापाच्या चौकोनात. देवनागरीची सुटी चिन्हं त्यात सहज बसतील. पण जोडाक्षरं जुळवणारा कारागीर तिथेही नाही, आणि वेलांटी आपल्या मागच्या अक्षराला टेकायच्या ऐवजी स्वतंत्र खोली घेऊन राहते. ‘किल्ली’ वेगवेगळ्या खोल्यांत पसरलेली बघवत नाही.

एक्समधल्या टर्मिनलचंही सगळ्यांचं जमतं असं नाही. एक्सटर्म जोडाक्षरं जुळवत नाही. एमएलटर्म जुळवतो, तो मुद्दाम भारतीय लिप्या धरून केलेला आहे. पण लिहायचंच असेल तर जीटीके किंवा क्यूटीवरचा साधा एडिटर बरा.

---

पाऊणपान

नऊ दिवसांनी परत आले. जिवंत आहे, मशीनही आहे.

सिस पद्धतीनेच बसवलं, तीन भाग करून. अल्पाइनच का धरून बसलात, असं घरचाअभ्यास विचारतील. खरं कारण सांगते: एकदा पडल्यावर त्याच जिन्याने चढायचं असतं, नाहीतर माझी झोप होत नाही. तांत्रिक कारण विचारू नका.

आता प्लग लावल्यापासून माउसपॅडमध्ये कर्सर लुकलुकेपर्यंत, फोनच्या स्टॉपवॉचवर, ३८ सेकंद. रिस्क ओएसच्या तिप्पट, पण तेवढ्यात चष्मा पुसून होतो. माउसपॅड उघडून बसल्यावर शंभर एमबीच्या आत मेमरी वापरलेली दिसते. लॉगिन विचारत नाही, एक्स आपोआप सुरू होतो, जेडब्ल्यूएमची खालची पट्टी मी काढूनच टाकली. पडद्यावर कागद आणि अक्षरं, बाकी काही नाही. घड्याळसुद्धा नाही.

पहिलं काय टंकलं असेल सांगायला नको. मी फोनवर बोलत-बोलत लिहिणारी नाही, इनस्क्रिप्ट माझ्या बोटांत आहे. शिफ्ट आणि जे दाबून ऱ, मग डी ने पाय मोडला, मग य. आणि आला की आडवा र, झोकात! ‘आचाऱ्यांना’. त्याच्या शेजारी साधा जे, डी, य करून ‘आचार्यांनी’, रफार डोक्यावर. दोघे आपापल्या जागी. मी पडद्याचा फोटो काढला. आडवा र दिसला म्हणून आनंदाने फोटो काढणारी बाई भाच्याने पहिल्यांदाच पाहिली असावी.

आणखी एक गोष्ट लक्षात आली, पूर्वी कधी नीट पाहिली नव्हती. बाणाने पुढे गेलं की कर्सर ‘क्षि’ एका उडीत ओलांडतो. पण बॅकस्पेस मारला की अख्खं अक्षर जात नाही, आधी वेलांटी जाते, मग ष, मग मोडलेला पाय, आणि शेवटी क. एकेक थर उकलतो. मुद्रितशोधकाला याहून चांगलं काय हवं? लॅपटॉपवर हेच होत असणार, पण तिथे मी घाईत असते.

प्लगची परीक्षा मुद्दाम घेतली. सेव्ह, सिंक, ओढला. सहा वेळा. एकदा सेव्ह न करता ओढला, तेव्हा शेवटचा परिच्छेद गेला आणि बाकी राहिलं. परिच्छेद वाईटच होता. सिंक दर वेळी टंकायचा कंटाळा, म्हणून जेडब्ल्यूएममध्ये एफ१२ ला सिंक लावला. आर-सिंक पण लावलाय, आठवड्यातून एकदा हाताने चालवते.

आता उरलेली तक्रार. फाइलींच्या तारखा. वायफाय मी एरवी बंद ठेवते, त्यामुळे मशीनला दर वेळी जुनीच तारीख वाटते. वीस फाइली आहेत आणि सगळ्या एकाच दिवशी लिहिल्यासारख्या दिसतात. कुठला मसुदा आधीचा, ते कळत नाही. सध्या पहिल्या ओळीत तारीख हाताने लिहिते.

---

रात्रपाळी

ओपनआरसीत (अल्पाइनमध्ये सेवा सुरू-बंद करणारा भाग) ‘एसडब्ल्यूक्लॉक’ नावाची सेवा आहे. बंद होताना वेळ नोंदवते, उठताना तिथून पुढे सुरू. पण तुम्ही नीट बंद करत नाही आणि सिस्टिमचा भाग फक्त-वाचा आहे, तेव्हा तिला नोंदवायला ना वेळ मिळतो ना जागा. खरं घड्याळच लावा. डीएस३२३१ या घड्याळाच्या चिपचा छोटा मोड्यूल मिळतो, नाण्याच्या आकाराची बॅटरी असते, आय-टू-सीवर (छोट्या चिप जोडायची पद्धत) चार तारा. चालू करायला बूटच्या कॉन्फिगमध्ये एक ओळ.

झीरो डब्ल्यूला मात्र पिना जोडलेल्या येत नाहीत. सोल्डर करावं लागेल.

---

पाऊणपान

पिना आहेत! रोबोसाठी भाच्यानेच जोडल्या होत्या. थोड्या वाकड्या आहेत, एका बाजूची रांग नमस्कार केल्यासारखी झुकली आहे, पण आहेत. मोड्यूल मागवते, चार तारा तोच लावेल.

नवखासात, एमएलटर्म जमलं का तुमचं?

---

नवखासात

जमलं. पण आता त्यात शब्द मोजायची स्क्रिप्ट हवी आहे.

---

घरचाअभ्यास

तीन महिने म्हणालो होतो मी.